धामणीच्या पोटातला गोटा

वामनराव पांढरीपांडे यांना कोंबड्या पाळायच्या नव्हत्या, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण राळेगावात याबद्दल बरंच बोललं गेलं आहे आणि त्यातलं निम्मं शेजारच्या नागोरावांनी पसरवलेलं आहे. वामनरावांना हवी होती फक्त कोंबड्याची बांग. तेहतीस वर्षं तहसिलात कारकुनी केलेल्या माणसानं निवृत्तीनंतर एवढं मागितलं तर ते काही जास्त नाही. आता बांग हवी तर कोंबडा लागतो, कोंबडा एकटा रमत नाही, आणि कोंबडी आली की अंडं येतं. एकेक पायरी तपासून पाहिली तर यात वामनरावांची चूक कुठेच सापडत नाही, असं त्यांचं स्वतःचं मत आहे.

बांगेचं वेड लहानपणचं. वडील मास्तर होते आणि त्यांची बदली झरी जामणीकडच्या एका तांड्यावर झाली होती. तिथे वामन पाच वर्षं राहिला. मास्तरांच्या खोलीला लागूनच डोंगरसिंगचं घर, मध्ये नुसता काटक्या-मातीचा कूड. डोंगरसिंग वामनच्याच वर्गातला. त्याची आई नंदाबाई. तांड्यात आईला याडी म्हणतात, म्हणून वामनही तिला याडीच म्हणायचा. याडीचा कोंबडा पहाटे ओरडला की कुडापलीकडे चूल पेटायची, धूर इकडे यायचा, आणि वामन डोळे मिटूनच ओळखायचा की आता बैल सुटले, आता याडी पाण्याला निघाली. तशी सकाळ पुन्हा मिळाली नाही. राळेगावच्या बसस्टँडमागच्या गल्लीत पहिली जाग घंटागाडीला येते आणि तिच्यावर लावलेलं स्वच्छतेचं गाणं ऐकून कुणाला काही आठवत नाही.

हे सगळं रजनीताईंनी छत्तीस वर्षांच्या संसारात इतक्यांदा ऐकलं होतं की धुराचा वास त्यांनाही यायला लागला होता. तांड्यातल्या पुष्कळ गोष्टी वामनरावांनी बायकोला सांगितल्या होत्या. काही नव्हत्या सांगितल्या.

गेल्या पौषात याडी गेली. वामनराव भेटायला गेले. निघताना डोंगरसिंगनं एक टोपली आणून पुढ्यात ठेवली. आत याडीच्याच कोंबड्यांच्या वंशातली एक कोंबडी, एक कोंबडा. मग त्यानं बंडीच्या खिशातून अंड्याएवढा पांढरा गोटा काढला. कोंबडीला जिथे अंडं दिसतं तिथेच ती पुढचं अंडं घालते, म्हणून खुराड्यात असा गोटा ठेवायची रीत आहे.

"याडीचा गोटा हाय," डोंगरसिंग म्हणाला. "पन्नास वर्षं कोंबड्या बसल्या ह्याच्यावर. तिचं बाकी सारं वाटून देल्लं, हा तेवढा ठुला होता. तुह्यापाशी राहू दे. न् ध्यानात ठेव वामन्या, गोट्यासंगं एक अंडं राहू देत जाय. सारे नको उचलत जाऊ."

"काहून?"

"याडी ठेवे म्हणून."

असल्या भेटीला नाही म्हणता येत नाही. वामनराव टोपली मांडीवर घेऊन एसटीनं तीन तास आले. पांढरीपांड्यांच्या घराण्यात कोंबडी मांडीवर घेणारे ते पहिलेच.

रजनीताई रडल्या-भेकल्या नाहीत. त्यांनी तीन अटी घातल्या. कोंबडी स्वयंपाकघराची पायरी चढणार नाही. अंडं घरात येणार नाही. आणि मागच्या अंगणात कुठल्याही जीवाला मारायचं नाही. तिसऱ्या अटीचा तेव्हा काही संबंध नव्हता, पण रजनीताईंना पुढचं दिसतं.

खुराडं बांधायला नागोराव न बोलावता आले. नागोराव एसटीतून निवृत्त झालेले. पोल्ट्री टाकायचा विचार त्यांनी एकोणनव्वद साली दोन महिने केला होता, तेव्हापासून कोंबडी या विषयात त्यांना कोणी विचारलं नाही तरी ते सांगतात. गवंडी पाऊण इंची जाळी लावत होता, तर नागोरावांनी ती काढायला लावली.

"हवा खेळली पाह्यजे वामनराव. विदर्भाचा उन्हाळा हाय हा. दीड इंची लावा."

दीड इंची लावली. हवा खेळली. पुढे बाकीचेही खेळले, पण ते नंतर.

कोंबड्यानं मात्र पहिल्या दिवसापासून दगा दिला. पहाटे तो ढिम्म बसे आणि बरोबर साडेदहाला बांग देई. वामनरावांनी त्याचं नाव साहेब ठेवलं. कोंबडी मात्र कामसू होती. एक दिवसाआड अंडं. डोंगरसिंगनं एक अंडं राहू द्यायला सांगितलं होतं खरं, पण प्रकरण प्रलंबित ठेवणं वामनरावांच्या रक्तात नव्हतं आणि अंडं रात्रभर आवारात राहिलेलं रजनीताईंना खपत नव्हतं. म्हणून ते रोज सकाळी पोळ्यांचा जुना चिमटा घेऊन जात, अंडं असलं की ते चिमट्यात धरत, हात शक्य तितका लांब ठेवत आणि कुंपणावरून नागोरावांच्या वाटीत सोडत. "उभ्या जन्मात याला बोट लावलेलं नाही," असं प्रत्येक वेळी म्हणत. खुराड्यात मागे उरायचा तो फक्त गोटा, कोंबडीच्या उबेनं गरम झालेला.

एप्रिल संपत आला होता. एका बुधवारी सकाळी वामनराव चिमटा घेऊन गेले, तर साहेब छपराच्या कोपऱ्यात चढून बसलेला, कोंबडी एका पायावर, आणि जाळीत साप. अर्धा बाहेर, अर्धा आत. दोन बोटांएवढा जाड, पिवळसर, लांबच लांब. बाहेरचं डोकं रागानं इकडेतिकडे फिरत होतं, कारण आतल्या अर्ध्या भागात मधोमध एक गोळा आला होता आणि तो दीड इंचातून निघत नव्हता.

वामनरावांनी आधी साप पाहिला, मग घरटं पाहिलं. घरटं रिकामं होतं. अंडं कालच नागोरावांच्या वाटीत गेलं होतं. वामनरावांना जे समजायचं ते समजलं आणि ते तिथेच पाण्याच्या टाकीच्या काठावर बसले. याडीची एकच वस्तू उरली होती. ती तीन महिने सांभाळता आली नाही.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. डोंगरसिंग.

"शुक्रवारी येऊन राह्यलो बे वामन्या, पहिल्या गाडीनं. पुतणीकडे वर्ध्याले जातो, मधात तुह्याकडे उतरतो. याडीचा गोटा पाहाले. लय आठोन येते तिची. कोंबडी बसते का त्याच्यावर?"

"बसते ना," वामनराव म्हणाले. खोटं नव्हतं, कोंबडी कालपर्यंत बसत होती.

पाच मिनिटांत गल्ली गोळा झाली. नागोरावांनी लांबूनच निदान केलं की हा नाग आहे, मादी आहे, आणि नर संध्याकाळपर्यंत येईल. मिठाचं पाणी शिंपडा, कांदा ठेचून टाका, असे उपाय आले. एक जण काठी घेऊन पुढे झाला तेव्हा रजनीताईंनी तिसरी अट सगळ्यांसमोर वाचून दाखवली आणि काठी परत गेली. मग त्यांनीच बबनरावांना फोन लावला.

बबनराव वीज कंपनीत लाइनमन आणि गावातले सर्पमित्र. चांगले धिप्पाड. साप दिसला की त्यांचा चेहरा पाहुणा आल्यासारखा उजळतो. ते आले, वाकले, म्हणाले, "धामण हाय साहेब. इखारी नाही. बिचारी फसली." मग आत एक नजर टाकली आणि चार पावलं मागे सरले.

"कोंबडं बाहेर काढा पहिले."

"का हो?"

"मले कोंबड्याचं भेव वाटते," बबनराव खालच्या आवाजात म्हणाले. "लहानपणी डोळ्यावर चोच मारलती. सापाचं काही नाही. सापाले दोन पाय तरी नसतात."

मग तहसिलातल्या निवृत्त अव्वल कारकुनानं गल्लीदेखत कोंबडा धरायचा कार्यक्रम केला. साहेबाला धरायला वामनराव तीन फेऱ्या धावले, धुण्याच्या टबात एक पाय घालून बसले आणि लुंगी सावरतात तोवर साहेब नागोरावांच्या टिनावर गेला. वर पोहोचल्यावर त्यानं बांग दिली. साडेदहा वाजले होते.

बबनरावांनी पकडीनं जाळी कापली, धामण हलकेच सोडवली आणि तिच्या पोटावरून बोटं फिरवली. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हे अंडं नव्हे साहेब. अंडं इतक्यात फुटलं असतं. गोटा हाय. कोंबडीच्या वासानं गिळला तिनं. एखांदं अंडं संगं असतं तर तेच घेतलं असतं, गोट्याले तोंड लावलं नसतं. आता ओकली तर वाचते, नाही तर जाते."

एक अंडं राहू देत जाय, असं डोंगरसिंगनं बजावून सांगितलं होतं. आता याडीच्या गोट्याबरोबर एका धामणीचाही जीव वामनरावांच्या खात्यावर होता, आणि तोही रजनीताईंच्या अंगणात.

वन्यप्राणी पकडला की वनखात्याला कळवावं लागतं. गोणीत धामण, गोणी बबनरावांच्या हातात, मागे वामनराव इस्त्रीच्या सदऱ्यात. कचेरीतला बाबू त्यांना पाहून उठून उभा राहिला. एके काळी तो तहसिलात त्यांच्याच हाताखाली उमेदवारी करून गेला होता. वामनरावांना बरं वाटलं. ते त्यांचं शेवटचं बरं वाटणं.

"सर, साप म्हणजे सरकारी जीव. त्याच्या पोटातलं काढायचं तर पशुवैद्यकीयचं पत्र लागते. पहिले त्यांचं पत्र आणा."

पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टर खुशी मॅडम होत्या, वयानं त्यांच्या मुलीएवढ्या. त्यांनी धामण बघितली, मान हलवली आणि म्हणाल्या, "काका, वन्यप्राण्याला हात लावायचा तर वनखात्याचं पत्र लागतं. पहिले त्यांचं पत्र आणा."

रणरणत्या उन्हात ही ये-जा तीनदा झाली. तिसऱ्या वेळी वामनराव बाबूला जरा चढ्या आवाजात म्हणाले की अरे, तोंडी सांगतोय ते ऐक. बाबू नम्रपणे म्हणाला, "सर, तोंडी काही ऐकायचं नाही, लेखी आणा. हे तुमचंच वाक्य. तुमच्या टेबलाच्या मागं चिपकवलेलं होतं." वामनरावांना एकाएकी ती सगळी माणसं दिसली, जी तेहतीस वर्षं त्यांच्या टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे निघून गेली होती, हातात टोपी, पिशवी, सातबारा. त्यांनी निमूटपणे अर्ज लिहिला. नमुन्यात एक रकाना होता, 'वस्तूचा उपयोग'. बराच विचार करून त्यांनी लिहिलं, 'कोंबडीचा गैरसमज टिकवून ठेवणे.'

शेवटी खुशी मॅडमनीच सोडवलं. त्यांनी लिहून दिलं की कापाकापी नको, सापाला दोन दिवस थंड, अंधाऱ्या, शांत जागी ठेवावं, तो स्वतःच गोटा ओकायची शक्यता आहे, नंतर सोडून द्यावा. थंड, अंधारी, शांत जागा कचेरीत नव्हती. तेव्हा सुपूर्दनामा झाला आणि वामनराव पांढरीपांडे यांनी एक नग धामण सहीनिशी ताब्यात घेतली.

राळेगावात एप्रिलमध्ये थंड जागा एकच, न्हाणीघर. भोकं पाडलेल्या पिंपात धामण ठेवली, वर पाटा ठेवला. रजनीताईंनी तीनही अटी मनात तपासल्या. साप न्हाणीघरात नको, असं त्यात कुठे नव्हतं. त्या पंचा घेऊन नागोरावांकडे आंघोळीला गेल्या. मागोमाग वामनराव गेले. नागोरावांनी दोघांनाही गरम पाणी की थंड, हे विचारलं आणि उत्तर ऐकायच्या आत कुठलं बरं ते सांगितलं.

गुरुवारी दुपारपर्यंत पिंपात काही झालं नाही. वामनराव दर तासाला कान लावून आले. साडेचार वाजता त्यांनी चपला घातल्या आणि एकटेच गावाबाहेरच्या नाल्याकडे गेले. काय करायचं ते त्यांनी ठरवलं होतं आणि त्याची त्यांना लाज वाटत होती.

नाला कोरडा ठणठणीत होता. वामनराव विजार गुडघ्यापर्यंत वर करून खाली उतरले आणि गोटे उलथून पाहू लागले. अंड्याएवढा हवा, पांढरा हवा, एका टोकाला जरा निमुळता. एक उचलला, टाकला. दुसरा उचलला, सदऱ्याला पुसला, मुठीत धरून वजन पाहिलं. आणि तसेच थांबले. हे आपण आधी केलं आहे. कधी, ते आठवेना, पण हाताला पक्कं माहीत होतं. ऊन पाठीवर होतं, घाई होती, आणि अशीच भीती होती. मग त्यांना वाटलं ऊन लागलं असेल, आणि ते गोटा खिशात टाकून घरी आले.

शुक्रवारी पहिल्या गाडीनं डोंगरसिंग उतरला. पांढरा फेटा, हातात पिशवी. चहा न घेता आधी मागे गेला. खुराड्यापुढे उकिडवा बसला, हात आत घातला आणि गोटा बाहेर काढून तळहातावर घेतला. वामनराव त्याच्या मागे उभे होते. रजनीताई दारात होत्या.

डोंगरसिंगनं गोट्यावरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा.

"हा याडीचा नाही."

मग वामनरावांनी सगळं सांगून टाकलं. चिमटा, नागोरावांची वाटी, रिकामं घरटं, दीड इंची जाळी, धामण, कचेरी, नाला. "तू सांगितलं होतं एक अंडं राहू द्यायला," ते म्हणाले. "मी नाही ठेवलं. याडीची एक वस्तू दिली होती तू मला, डोंगऱ्या, आणि मी ती घालवली. वर खोटं करायला निघालो." त्यांनी चष्मा पुसायला काढला.

डोंगरसिंग मातीत फतकल मारून बसला. त्याचे खांदे हलायला लागले. वामनरावांना वाटलं रडतो आहे. तो हसत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, दोन्ही एकदमच.

"वैनी," तो रजनीताईंकडे वळून म्हणाला, "ह्या माणसानं कोंबडीखाली गोटा ठेवाची ही दुसरी खेप हाय."

"म्हणजे?" रजनीताई म्हणाल्या.

"डोंगऱ्या," वामनराव म्हणाले.

"आता कायले भेतं? तुहे मास्तर गेले, माही याडी गेली." डोंगरसिंगनं फेट्याच्या टोकानं डोळे पुसले. "वैनी, आम्ही चौथीत होतो. ह्यानं न् मी याडीच्या खुराड्यातलं अंडं चोरलं, चुलीतल्या गरम राखेत भाजलं न् खाल्लं. ह्याले आवडलं. पण मास्तरचं पोरगं, ह्याले वाटलं याडी अंडे मोजते. पयत पयत नाल्यावर गेला, एक पांढरा गोटा धुंडला न् अंड्याच्या जागी ठुला. तोच तो गोटा, वैनी. याडीचा नाही. ह्याचाच."

वामनरावांच्या हातातला चष्मा हातातच राहिला. नाला, ऊन, घाई, भीती. काल हाताला जे माहीत होतं ते आता त्यांना माहीत झालं. अंड्याचं सगळं आठवत होतं त्यांना, बोटांना भाजलेली राखसुद्धा. गोट्याचं तेवढं पार विसरले होते.

"याडीला कळलं होतं?"

"त्याच सांजेले. मले मारासाठी हात उचलला, मंग हसाले लागली. म्हणे, पोराले वाटते आपण कोंबडीले फसोलं. राहू दे. मास्तरच्या घरी बोलू नको." डोंगरसिंगनं हातातला खोटा गोटा खाली ठेवला. "त्याच्यानंतर तू दर आइतवारी अंडं चोरे का नाही?"

वामनरावांनी रजनीताईंकडे पाहिलं नाही. "चोरायचो," ते म्हणाले.

"चोरत नव्हता बे. याडीच तुह्यासाठी ठेवे. सारे अंडे उचले, गोट्यापाशी एक सोडे, न् पाण्याले निंघून जाय. जाता जाता चूल इझवत नव्हती, राख गरम राह्यली पाह्यजे म्हणून. मास्तरची बदली झाली, तू गेला. तरी ठेवतच राह्यली. आम्ही म्हणो, याडी, आता कायले? ते म्हणे, एखांद्या वक्ती आला तर." त्यानं खुराड्याकडे बोट केलं. "म्हणून तुले सांगतलं, एक राहू देत जाय. ते अंडं कोंबडीसाठी नव्हतं कधी."

एवढी वर्षं वामनरावांच्या मनात एका कोपऱ्यात चोरी म्हणून ठेवलेली ती अंडी होती, आणि त्यातलं एकही चोरीचं नव्हतं. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते आवरलं नाही. रजनीताई आत निघून गेल्या.

आतून त्यांचाच आवाज आला, "अहो, न्हाणीघरात काहीतरी वाजलं."

बबनरावांना बोलावलं. त्यांनी कोंबड्या बंद असल्याची खात्री करून मगच आत पाऊल टाकलं आणि पिंपावरचा पाटा सरकवला. धामण एका कडेला वेटोळं करून बसली होती, सडपातळ आणि बरीच शांत. तळाशी गोटा होता. डोंगरसिंगनं तो नळाखाली धुतला, अंगठा फिरवला आणि मान हलवली. दुपारी नाल्यापलीकडच्या झुडपात धामण सोडली. सुपूर्दनाम्यावर 'वस्तू मूळ मालकास परत' असा शेरा वामनरावांनी आपल्या अक्षरात लिहिला, आणि बाबूनं ठप्पा मारला.

संध्याकाळच्या गाडीनं डोंगरसिंग वर्ध्याला गेला. गोटा त्यानं परत खुराड्यातच ठेवला. छत्तीस वर्षांत रजनीताईंना सांगायची राहिलेली गोष्ट एवढीच होती की आणखी काही, हे त्या विचारतील असं वामनरावांना वाटत होतं. त्यांनी विचारलं नाही. फक्त झोपताना म्हणाल्या, "जाळी बदलून घ्या. पाऊण इंची. नागोरावांना सांगू नका."

रविवारी सकाळी वामनराव चिमटा घेऊन मागे गेले. गोट्याशेजारी दोन अंडी होती, शुक्रवारचं ठेवलेलं आणि आजचं. त्यांना वाटलं, यातलं एक आता इथेच राहील.

मागे खुडबुड झाली. रजनीताई अंगणाच्या पार टोकाला, शेवग्याखाली, तीन विटा मांडत होत्या. मध्ये काटक्या रचल्या होत्या. त्यांनी काडी ओढली, धूर निघाला आणि अंगणात पसरला.

"अंडं घरात येणार नाही, अशी अट होती," त्या वळून न पाहता म्हणाल्या. "अंगणाचं मी काही बोलले नव्हते."

वामनरावांनी चिमटा भिंतीला टेकवून ठेवला आणि अंडं हातानं उचललं. ते अजून कोमट होतं. ते घेऊन ते विटांपाशी उकिडवे बसले आणि राख व्हायची वाट पाहू लागले. धूर डोळ्यांत जात होता, पण ते सरकले नाहीत.

रजनीताई पदरानं विस्तवाला वारा घालत होत्या. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "त्याला मीठ लागतं का हो?"

"लागतं," वामनराव म्हणाले. "थोडंसं."